पांढरीतली भुई

कुदळ कशावर तरी बसली हे छबुबाईच्या मनगटाला आधी कळलं, कानाला नंतर. दगडावर बसली तर कुदळ उलटी उसळते, हाताला झिणझिण्या येतात. पन्नाशी ओलांडलेल्या बाईला एवढं तरी कळतंच. हा घाव पोकळ होता. तिनं कुदळ बाजूला ठेवली आणि गुडघ्यावर बसून हातानंच माती ओढायला लागली. वैशाखातली सकाळ, गावाबाहेरची पांढर, आणि सासूसुना दोघीच. पांढर म्हणजे उगवतीकडचा तो मातीचा उंचवटा. कधीकाळी तिथं गाव होतं म्हणतात. कोणत्या राजाचं, कोणत्या जातीचं, कुणी सांगावं! माणसं गेली, भिंती विरघळल्या आणि त्यांची पांढरी चिकण माती तेवढी मागं राहिली. मृगाच्या आधी दर साली ती टोपल्यांनी आणून माळवदावर अंथरायची, धोपटायची, म्हणजे चार महिने घर गळत नाही. मेलेल्या गावानं जित्या गावाचं डोकं झाकायचं, असा तो दस्तूर होता, आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नव्हतं. छबुबाईलाही आजवर वाटलं नव्हतं.

"आत्याबाई, धन आसंल!" सून शिवकन्या टोपलं टाकून धावत आली. "हळू बोला, हळू. पटवाऱ्याला कळलं तर सगळं सरकारात जमा हुईल." हळू बोला हे तीच एवढ्या मोठ्यानं म्हणाली की पटवारी उमापूरच्या बाजारात असता तरी त्याला ऐकू गेलं असतं. धन कसलं आलंय! दोन मोठी गाडगी निघाली. उभी नव्हती, आडवी निजवलेली होती, तोंडाला तोंड लावून. आणि तोंडं जिथं मिळत होती तिथं चिखलानं नीट लिंपून घेतलेलं. शेजारी एक तोटीचं इवलंसं भांडं, अगदी लेकराला दूध पाजायच्या बोंडल्यासारखं. कुदळीच्या घावानं एका गाडग्याला भोक पडलं होतं. छबुबाईनं त्यात हात घातला. आत मऊ, कोरडी, गार माती, आणि मातीत खराट्याच्या काड्यांसारखं काहीतरी. तिनं हात आणखी आत नेला. मग एक पातळ, वाटोळं हाड तिच्या तळहातात आपोआप येऊन बसलं, आणि ते काय आहे हे तिला डोळ्यांनी न बघताच कळलं. पाच पोरांची डोकी तिनं त्याच तळहातावर तोलून न्हाऊमाखू घातली होती. "आगं बया गं," शिवकन्या तोंडाला पदर लावून दहा हात मागं सरली. "पोर हाय त्ये. सोडा आत्याबाई, सोडा. बाधा हुईल."

छबुबाईनं ते हाड होतं तिथंच ठेवलं, पण उठली मात्र नाही. कुदळीनं मातीची कड उभी कापली गेली होती आणि त्या कडेवर रेघा दिसत होत्या. एक पांढरट, एक काळसर, पुन्हा पांढरट, पुन्हा काळसर. नखाएवढ्या जाडीच्या, मोजायला बसलं तर दिवस जाईल इतक्या. दुसऱ्या कुणाला त्या नुसत्या रेघा वाटल्या असत्या. पण जिचा जन्म सारवण्यात गेला तिला काय सांगायचं? हे सारवण होतं. शेणामातीचा एक हात, तो वाळला, झिजला, त्यावर पुन्हा एक हात. सणाला एक, सुतक फिटल्यावर एक, पाहुणे आले की एक. शेजारी हातभर अंतरावर माती भाजून लाल झाली होती आणि तिच्यात राख होती. म्हणजे चूल. म्हणजे हे घर होतं, ही त्या घरातली भुई होती, आणि भुईखाली, चुलीच्या उबेला, कुणीतरी आपलं लेकरू दोन गाडग्यांत निजवून ठेवलं होतं. आणि मग त्या बाईनं वरून सारवलं होतं. एकदा सारवून निघून नव्हती गेली ती. वर्षानुवर्षं त्याच जागेवर हात फिरवत राहिली होती. छबुबाईच्या अंगावर सर्रकन काटा आला, गाभाऱ्यात वाकताना येतो तसा. कोण असशील गं तू, तिच्या मनात आलं. काय नेसत होतीस, काय रांधत होतीस, तुझ्या देवाचं नाव काय होतं? काही म्हणता काही कळायला वाव नव्हता. आणि तरी त्या बाईचं जे सगळ्यांत आतलं होतं ते तर सगळंच कळलं होतं. वर आभाळ होतं तेवढंच होतं, पण छबुबाईला ते एकाएकी लईच जुनं वाटायला लागलं.

छबुबाईला सहा लेकरं झाली, जगली पाच. जगलेल्यांची नावं गाव घेतं. न जगलेलीला नावच नव्हतं, कारण बारशाच्याच दिवशी पहाटे ती गेली. पस्तीस वर्षं झाली त्याला. छबुबाई तेव्हा सोळा वर्षांची. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, पण माहेर गंगेच्या, म्हणजे गावच्या नदीच्या, पलीकडं आणि त्या आषाढात गंगेला असं पाणी की नावाडीही नाव सोडीना. म्हणून सासरीच झालं. अकरा दिवस. अकरा दिवसांत काय होतं, असं लोक म्हणतात. खुळे आहेत लोक. अकरा दिवसांत माणसाचा वास कळतो. रडण्यातलं भुकेचं रडणं कुठलं आणि उगीचचं कुठलं हे कळतं. दूध पिता पिता मधेच थांबून ती पोर काहीतरी आठवल्यासारखी बघायची, तसं मग पुढच्या पाचांतलं एकही बघायचं नाही. बाराव्या दिवशी पहाटे छबुबाई जागी झाली ती छातीला गार लागलं म्हणून. मग बायकांनी ती काढून घेतली, आणि उजाडल्यावर तिचा नवरा आश्रुबा पोरीला घेऊन पावसात बाहेर पडला. दात न आलेल्या लेकराला अग्नी देत नाहीत, माती देतात. आणि जागा आईला सांगत नाहीत. आईला जागा कळली की आई तिथं जाऊन बसते, आणि मग ते गेलेलं लेकरू पुढच्या पोरालाही हाक मारतं म्हणतात. सासूनं तिला हे नीट समजावून सांगितलं होतं, मायेनंच. छबुबाईनं मान हलवली होती. पण महिनाभरानं तिनं नवऱ्याला विचारलंच, "कुठं?" तो म्हणाला, "गंगेच्या काठाला." वर्षानं विचारलं, दहा वर्षांनी विचारलं, थोरल्याच्या लग्नाच्या दिवशी विचारलं. दर खेपेला तेच. गंगेच्या काठाला. अहो, काठ का एवढासा असतो! धुणं घेऊन गेली की ती उगीच पुढं पुढं चालत जायची. इथं बाभूळ आहे, इथं असेल. इथं दगड पडलेत, कोल्ह्यानं उकरू नये म्हणून ठेवले असतील. एका जागी मन धरेना, तेव्हा सगळाच काठ तिचा झाला, आणि गंगेवर कुठंही पाय ठेवताना तिला जपून ठेवावा लागला.

गेल्या साली मानमोडीच्या तापाची साथ आली. घरटी एक जायला लागला तेव्हा गावात लाकूड पुरेना. दारांच्या फळ्या निघाल्या, औतं निघाली. मग तेही संपलं आणि अर्धवट जळालेली माणसं तशीच गंगेत ढकलायला लागले. छबुबाईलाही ताप भरला. आठ दिवस ती घोंगडीखाली पडून होती, आणि तेव्हा पहिल्यांदा तिनं स्वतःच्या मढ्याचा विचार केला; अगदी ओळखीच्या बाईबद्दल करावा तसा शांतपणानं. आगीची तिला फिकीर नव्हती. चुलीपुढं जन्म गेला, आगीला काय भ्यायचं? पण आग वर नेते आणि गंगा पुढं नेते. म्हणजे मी वर जाईन, पुढं जाईन, दर्याला मिळेन म्हणतात. आणि ती मात्र काठाला मातीत, एकटी, अकरा दिवसांची. पुढं छबुबाई वाचली, उठली, कामाला लागली. विचार कुणाला सांगायचा नसतो म्हणून सांगितला नाही. पण आज पांढरीतून डोक्यावर टोपलं घेऊन येताना तिला वाटलं की त्या विचाराला आता जागा सापडली. माती एकच आहे. इथली काय नि काठाची काय. मातीत गेलं तर माती मातीला आज ना उद्या सापडेल.

दुपारी आश्रुबा ओसरीवर अंबाडीचं दावं वळत बसला होता. साठीचा गडी, हात अजून चिवट. छबुबाई त्याच्यासमोर येऊन बसली. "आवं, ऐका. म्या मेल्यावर मला जाळू नका."

"आं?"

"पुरा मला. पांढरीत. आज सापडलं त्या लेकराशेजारी."

आश्रुबानं तिच्याकडं पाहिलं. "ऊन लागलं का गं तुला? जंगम पुरत्यात, गोसावी पुरत्यात, मुसलमान पुरत्यात. त्यांचं त्यांना बरोबर हाय. आपून कुणबी. आपल्याला लाकूड हाय, गंगा हाय. सवाष्ण गेलीस तर हिरवं नेसवून, मळवट भरून नेतील. गाव पाया पडंल. ते सोडून खड्ड्यात घालू तुला? भावकी शेण घालील माझ्या तोंडात!"

"शेण म्या रोज हातात घेती. तोंडात गेल्यानं माणूस मरत न्हाई."

"कावून पर? कावून? काय कमी केलं तुला?"

कावून हे सांगायला तिला वेळ लागला. पस्तीस वर्षांत हे वाक्य तिनं तोंडानं उच्चारलं नव्हतं. "ती एकटी हाय मातीत," ती म्हणाली. "अग्नीतून गेले तर मला ती गावायची न्हाई. जागा तर तुमी सांगितली न्हाई. मेल्यावर तरी तिच्याकडं जाऊ द्या मला."

आश्रुबाचे हात थांबले. ताण सुटला तसं वळलेलं दावं गरगरा फिरून उलगडलं, इतक्या वेळची मेहनत वाया गेली. "न्हाई म्हंजी न्हाई," एवढं म्हणून तो उठला आणि शेताकडं चालता झाला. छबुबाईला त्याचा राग आला. कसला दगडाचा माणूस, तिला वाटलं. पोर पुरून आला त्या दिवशीही डोळ्यांतून टिपूस नाही, आणि आजही नाही. दोन दिवस नवरा-बायकोत अबोला राहिला. भाकरी वाढायची, पाणी ठेवायचं, बोलायचं नाही. शिवकन्या एकदा याच्या तोंडाकडं बघायची, एकदा तिच्या. छबुबाई कामं करायची, पण हात कामात आणि जीव पांढरीत. सारवताना तर तिला अवघडच झालं. शेणाचा गोळा भुईवर ठेवून हात फिरवला की वाटायचं, हा हात आपला एकटीचा नाही. कुठल्या तरी बाईनं मागून आपल्या हातावर हात ठेवलाय आणि ती शिकवतेय, असा, असा, अर्धा गोल. आणि तिच्या हातावर तिच्या आईचा. किती बायका झाल्या असतील अशा एकामागं एक, तिला मोजता येईना. भुईवर बसल्या बसल्या तिला गरगरल्यासारखं व्हायचं, आणि बरंही वाटायचं.

तिसऱ्या दिवशी सकाळी ती ओली माती घेऊन एकटीच पांढरीवर गेली. गाडग्याला पडलेलं भोक बुजवायचं होतं आणि वरून माती लोटायची होती. दुसऱ्याच्या लेकराला उघडं टाकून कसं चालेल? ती लिंपत असताना मागं पावलं वाजली. आश्रुबा. तिनं वळून बघितलं नाही. तो गुडघे धरत खाली बसला आणि म्हणाला, "कसं ठिवलंय, बगू."

"ही बगा भुई. हे सारवण. ही चूल."

"म्हंजी घरात?"

"घरातच."

"भायेर न्हाई नेलं?"

"न्हाई नेलं."

आश्रुबानं त्या रेघांवरून बोट फिरवलं, वरपासून खालपर्यंत आणि पुन्हा खालून वर. "घरातच ठिवलं की ह्यांनी," तो म्हणाला. मग तो हसल्यासारखा काहीतरी आवाज झाला, आणि छबुबाईनं वळून पाहिलं तर त्या दगडाच्या माणसाच्या मिशा ओल्या झाल्या होत्या. "छबू," तो म्हणाला. पोरं झाल्यापासून त्यानं तिला नावानं हाक मारली नव्हती. "म्या बी न्हाई नेलं."

तिला आधी काही उमगेना.

"गेलतो काठाला," तो मातीकडं बघत बोलायला लागला. "गंगा काठ सोडून आलती. खड्डा केला की पाणी. चार ठिकाणी केला, चारी ठिकाणी पाणी. पाण्यात कशी ठिवू गं तिला? लई गार पाणी होतं. म्हणलं गंगेलाच देऊ, लोक देत्यात. हात पुढं केले, पर सोडवंना. मग तशीच छातीशी धरून माघारी आलो. मागल्या दारानं गोठ्यात शिरलो. ढोरांनी निस्ता डोळा उघडून बगितलं. गव्हाणीखाली जागा केली." मातीकडं बघतच तो पुढं म्हणाला, "आईला कळलं असतं तर घरात मढं ठिवलं म्हून तिनं आकांत केला असता. आन तुला सांगितलं असतं तर तू उकरलं असतंस."

"उकरलं असतं," छबुबाई म्हणाली. खरं होतं ते. सोळा वर्षांच्या त्या पोरीनं नखांनी उकरलं असतं.

दोघं घरी आले. शिवकन्या पाण्याला गेली होती, म्हैस बाहेर लिंबाखाली होती. गोठ्यात उन्हाचा एक पट्टा आणि मुताशेणाचा रोजचा वास. आश्रुबानं गव्हाणीच्या उजव्या अंगाला, भिंतीपासून दोन हातांवर बोट दाखवलं. "हितं." छबुबाई उभी राहिली ती तशीच. या जागेवरनं ती आयुष्यात किती वेळा गेली असेल? दिवसातनं वीस वेळा धरलं तरी पस्तीस वर्षांचे किती? इथं बसून तिनं धारा काढल्या होत्या. पहिली धार नेहमी भुईवर सोडायची असते, ती तिनं याच भुईवर सोडली होती, रोज, काही माहीत नसताना. पुढच्या बाळंतपणांत भिंतीपलीकडं ती कण्हली होती, पाच वेळा. लग्नांचे वाजंत्री याच भिंतीला टेकून बसले होते. सासूशी भांडून ती इथंच येऊन रडली होती. आणि उन्हाळा-पावसाळा, सणावाराला, हात दुखत असताना, मनात शिव्या घालत, तिनं ही भुई सारवली होती. एकावर एक किती हात झाले असतील! एवढी वर्षं ती काठाकाठानं हिंडत राहिली, आणि पोर इकडं घरात, तिच्याच हाताखाली. छबुबाई त्या जागेशेजारी खाली बसली.

"किती खोल?"

"माझ्या मांडीइतकं."

"डोकं कुणीकडं?"

"भिंतीकडं. पलीकडं चूल हाय म्हून."

"अंगावर काय घातलं?"

"पटका. सगळाच गुंडाळला." मग तो ओशाळून म्हणाला, "आईला सांगितलं, गंगेनं नेला."

छबुबाई हळूच आडवी झाली. भिंतीकडं डोकं करून, कुशीवर, गुडघे पोटाशी घेऊन. शेणानं सारवलेली भुई गालाला गार लागली, आणि थोड्या वेळानं गार लागेनाशी झाली. कान भुईला होता. ऐकू काही येत नव्हतं, येणारही नव्हतं, एवढं तिला कळत होतं. पण गप्प बसलेल्या माणसाशेजारी बसावं तसं तिला वाटत होतं, आणि हे गप्प बसणं इतकं मोठं होतं की घर, गाव, गंगा आणि पांढर सगळं त्यात आरामात मावत होतं. आश्रुबा तिच्या पायथ्याशी उकिडवा बसला. मग तो म्हणाला, "आता सांग. तुला कसं पायजे तसं करतो. पांढरीत म्हणशील तर पांढरीत. भावकीला मी बगतो, पोरांनाबी सांगून ठिवतो."

"आता नगं," छबुबाई डोळे न उघडता म्हणाली. "आता जाळा मला. हिरवं नेसवा, मळवट भरा, राख गंगेला द्या. समदं लोकांवानी करा."

"कावून? परवा तर हट्ट धरून बसलीस."

"ती एकटी हाय म्हून म्या मागत होते. ती तर घरात हाय." मग ती म्हणाली, "माझ्यापरीस तुमालाच लई जड गेलं आसंल. पस्तीस वर्सं एकट्यानं सांभाळली."

आश्रुबानं तोंड फिरवलं. मग एक भीती त्याला बोलून दाखवावीशी वाटली. ती त्याच्या मनात आजचीच नव्हती. "आपून गेल्यावर हे घर पडंल कवातरी. ह्याचीबी पांढर हुईल. कोण कुठली बाई माती न्यायला येईल, आन कुदळ घालील हितं. तिला काय ठावं, कुणाची हाय ती?"

"तिला कळंल," छबुबाई म्हणाली.

बाहेर लिंबाखाली म्हैस हंबरली. ऊन तिच्यावर आलं होतं. आश्रुबा उठून दारापाशी गेला, मागं वळून बायकोकडं पाहिलं, आणि अडखळत म्हणाला, "म्हैस आत घ्यावी लागंल आता. उठती का?"

"आजच्या दिस दुसरीकडं बांदा तिला," छबुबाई म्हणाली, आणि उठली नाही.